तिन्ही परीक्षा द्यायच्या का? वाचकांची पत्रं, मॅडमची उत्तरं

जानेवारी लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. दिवाळीपर्यंत ‘कोणती शाखा चांगली’ असं विचारणारे पालक आता ‘कोणता फॉर्म भरायचा राहिला’ असं विचारू लागतात. त्यातली आणि वर्षभरात आलेली काही मोजकी पत्रं इथे घेतली आहेत. नावं छापत नाही. आणि दरवर्षीप्रमाणे आधीच सांगते, नाशिकच्या कॉलेज रोडवरचा कोणता क्लास चांगला हे मला विचारू नका. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. माझा क्लास नाही, आणि दुसऱ्याच्या क्लासची जाहिरात करण्याची हौसही नाही.

प्रश्न : मी पिंपळगाव बसवंतचा द्राक्ष बागायतदार. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. जेईईचा फॉर्म भरला, आता नीटचा आणि सीईटीच्या दोन्ही ग्रुपचा भरायचा आहे. क्लासवाले म्हणतात, सगळ्या परीक्षा देऊ द्या, कुठे ना कुठे नंबर लागेलच. पोरगी रात्री दोन-दोनपर्यंत जागते, जेवणावर लक्ष नाही, काही विचारलं की अंगावर येते. काय करावं? मला यातलं काही कळत नाही.

उत्तर : दादा, कळत नाही म्हणता, पण विरळणी तुम्ही दरसाल करता. वेलीवर धरलेले सगळे घड ठेवले तर एकाही घडाचा मणी फुगत नाही, हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे कमालच. मुलीच्या वेलीवर आत्ता चार घड आहेत : बोर्ड, जेईई, नीट, सीईटी. बोर्डाचा काढता येत नाही. बाकीच्या तिनातला एक मुख्य, एक आधाराला, आणि तिसरा काढून टाकायचा. कोणता काढायचा हे तिला ठरवू द्या, पण या आठवड्यात ठरू द्या.

ठरवायला सोपं जावं म्हणून तीन परीक्षा कशा वेगळ्या आहेत ते लिहिते. हे तिच्यासमोर वाचा.

नीट म्हणजे डॉक्टरकीची. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण, आणि परीक्षा कागदावर, गोल काळे करायचे. यात ९० प्रश्न एकट्या जीवशास्त्राचे, म्हणजे निम्मे गुण तिथेच. अभ्यास एनसीईआरटीच्या पुस्तकांवर. जीवशास्त्र तर ओळ न ओळ. जेईई मेन म्हणजे एनआयटीसारख्या केंद्रीय अभियांत्रिकी संस्थांसाठीची आणि पुढच्या, आयआयटीसाठीच्या जेईई ॲडव्हान्स्डची पहिली पायरी. ७५ प्रश्न, तीन तास, ३०० गुण, संगणकावर. एका प्रश्नाला जवळजवळ अडीच मिनिटं मिळतात, कारण प्रश्न तेवढे खातात. वर्षातून दोनदा होते, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये. एमएचटी-सीईटी आपल्या राज्याची. अभ्यास राज्य मंडळाच्या पुस्तकांवर, साधारण ८० टक्के बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा. २०० गुण, तीन तास, आणि चुकलं तर गुण कापत नाहीत. बाकीच्या दोन्हींत बरोबर उत्तराला चार आणि चुकलं की वजा एक.

आता बघा. जेईईचं गणित आणि नीटचं जीवशास्त्र यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन्ही करणारी मुलगी दिवसातले दोन-तीन तास अशा विषयाला देते जो तिच्या दुसऱ्या परीक्षेत येणारच नाही. ‘कुठे ना कुठे लागेल’ हे ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात तीन ठिकाणी थोडं थोडं कमी पडतं, इतकंच. तिला डॉक्टर व्हायचं असेल तर जेईई सोडा. फॉर्मचे पैसे गेले तर गेले, आणि भरलाच आहे म्हणून पेपर द्यायचा असेल तरी त्यासाठी वेगळा अभ्यास नको. नीट मुख्य आणि सीईटीचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुप आधाराला. बारावीचं गणित बोर्डापुरतं. इंजिनिअर व्हायचं असेल तर नीटचा फॉर्म भरूच नका. ती कृषी पदवीकडे वळणार असेल तर तिथेही सीईटी चालते, हे आपल्या भागातल्या पालकांना कुणी सांगतच नाही.

तिचं उत्तर आलं की लगेच क्लासच्या वेळापत्रकातून एक विषय कमी करून घ्या. क्लासवाले कुरकुर करतील. करू द्या.

आणि आता तुमचा अभ्यास. जानेवारीच्या शेवटी जेईई, मग प्रात्यक्षिकं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, एप्रिल-मेमध्ये सीईटी, मेच्या सुरुवातीला नीट. नेमका हाच तुमचा काढणीचा हंगाम, आणि बाग रिकामी झाली की लगेच एप्रिलची खरड छाटणी. जून-जुलैत प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात तेव्हा कागदं नाहीत म्हणून तहसीलच्या पायऱ्या झिजवणारे पालक मी दरवर्षी पाहते. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर हे सगळं माल काढणीला येण्याआधी मार्गी लावा. यात पैशाचाही प्रश्न आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. अट एवढीच की प्रवेश सरकारी केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर ही माफी नाही. दाखला वेळेत नसेल तरी नाही.

रात्री दोनचं म्हणाल, तर तिन्ही परीक्षा संगणकावर असोत की कागदावर, दिवसाउजेडी होतात. रात्री दोनला ताजंतवानं राहायची सवय तिथे उपयोगाची नाही. तिला अकराला झोपवा. मग अंगावर येणंही थोडं कमी होईल, पूर्ण थांबेल असं म्हणत नाही.

प्रश्न : मॅडम, मी सिडकोत राहतो. इंजिनिअरिंगला जायचंय, सीईटीवर भर आहे. सराव पेपर दर रविवारी क्लासमध्ये देतो, शिवाय मोबाईलवर आठवड्यात एक-दोन. गुण दोनशेपैकी नव्वद ते शंभरच्या मधेच अडकलेत, दिवाळीपासून हलत नाहीत. अजून जास्त पेपर सोडवू का?

उत्तर : नाही. कमी सोडव.

पेपर झाल्यावर काय करतोस ते तू लिहिलंच नाहीस, आणि माझा अंदाज आहे की लिहिण्यासारखं काही नाही. गुण बघितले, ग्रुपवर कुणाला किती पडले ते बघितलं, संपलं. तीन तासांचा पेपर तपासायला तीन तास लागले पाहिजेत. लागत नसतील तर तो पेपर फुकट गेला.

एक शंभर पानी वही घे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे चारपैकी एक कारण लिही : संकल्पनाच येत नव्हती, प्रश्न चुकीचा वाचला, आकडेमोड चुकली, किंवा वेळ संपला. ‘सिली मिस्टेक’ असं लिहायचं नाही. त्या नावाखाली मुलं सगळं लपवतात. उदाहरण देते. वर्तुळाकार तबकडीचं स्पर्शिकेभोवतीचं मोमेंट ऑफ इनर्शिया विचारलं. स्पर्शिका तबकडीच्या प्रतलात असेल तर उत्तर पाच चतुर्थांश एम आर स्क्वेअर, प्रतलाला लंब असेल तर तीन द्वितीयांश. दोन्ही उत्तरं पर्यायांत असतात. तुला दोन्ही सूत्रं पाठ असतात. तरी चुकतं, कारण ‘प्रतलात’ हा शब्द डोळ्यांनी ओलांडला. ही चूक रोटेशनल डायनॅमिक्सचा धडा पुन्हा वाचून सुधारणार नाही. ती सुधारते प्रश्नातल्या अशा शब्दाखाली बोट ठेवायच्या सवयीने. तसंच ३०० आरपीएम. सेकंदाला पाच फेरे, म्हणजे दहा पाय रेडियन. घाईत ३०० तसाच सूत्रात घातला की जे उत्तर येतं तेही पर्यायांत मांडून ठेवलेलं असतं. मी वर्षानुवर्षं पर्याय काढलेत. पर्याय काढणाऱ्याला तुमची चूक तुमच्याआधी माहीत असते.

तीन-चार पेपर असे तपासलेस की वहीच बोलायला लागेल. ‘वाचलं चुकीचं’ जास्त असेल तर एक उपाय, ‘येत नव्हतं’ जास्त असेल तर दुसरा. माझा अनुभव असा की नव्वद-शंभरवर अडकलेल्या मुलाकडे अकरावीची पानं कोरी असतात. भौतिकशास्त्राच्या पन्नास प्रश्नांतले सुमारे दहा अकरावीचे. गुरुत्वाकर्षण, गतीचे नियम, ध्वनी, प्रकाश. बारावीचे सोळा धडे घोकताना मुलं हे सोडून देतात. नेमकं जे सोडायला नको ते.

आता काय सोडायचं ते सांगते. सीईटीत पहिली नव्वद मिनिटं फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून शंभर प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला चोपन्न सेकंद. नंतर तो भाग बंद होतो आणि गणित उघडतं : पन्नास प्रश्न, नव्वद मिनिटं, प्रत्येकी दोन गुण, एका प्रश्नाला एकशे आठ सेकंद. फिजिक्सचा वेळ गणितात नेता येत नाही, गणितातून परतही येता येत नाही. चोपन्न सेकंदांत जो प्रश्न अर्धाही सुटत नाही, तो तिथेच सोडून पुढे जायचं. हुशार मुलांना हे सगळ्यात जड जातं. त्यांना वाटतं, आपल्याला येतंय की, थोडं राहिलंय. त्या ‘थोडं’मध्ये चार मिनिटं जातात आणि शेवटचे पाच सोपे प्रश्न वाचायचेही राहतात. पहिली चक्कर फक्त सोप्यांची, खूण करून ठेवलेल्यांची दुसरी. शेवटची दोन मिनिटं राखून ठेव आणि जे कोरं असेल त्याला काहीतरी उत्तर दे. गुण कापत नाहीत तिथे कोरं ठेवणं म्हणजे शहाणपण नाही.

(जेईई-नीट देणाऱ्यांसाठी कंसात. ‘अंदाज लावू नका’ हा सल्ला हिशेबाने पूर्ण खरा नाही. चार पर्यायांत डोळे मिटून चार प्रश्नांवर ठोकलं तर सरासरीने एक बरोबर, चार गुण. तीन चूक, वजा तीन. उरला एक. पण मुलं डोळे मिटून ठोकत नाहीत, ‘हे बरोबर वाटतंय’ म्हणून ठोकतात, आणि बरोबर वाटावं असाच सापळा लावलेला असतो. दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कारणासकट सांगता येत असेल तरच उरलेल्या दोनांतला एक निवडा.)

पुढचा महिना आठवड्याला एकच पेपर. ज्या वेळेला खरी परीक्षा असेल त्याच वेळेला, टेबल-खुर्चीवर, संगणकावर. पलंगावर पडून मोबाईलवर दिलेला पेपर मी धरत नाही.

प्रश्न : नातीला गेल्या वर्षी सीईटीत ९२ पर्सेंटाइल मिळाले. आम्ही सरदार चौकात पेढे वाटले. आता शेजारच्या मुलाला जेईईत ९२ मिळाले तर त्याचे वडील तोंड पाडून बसले आहेत. माझ्या हिशेबाने दोघांना १०० पैकी ९२ आहेत. यात रडण्यासारखं काय? — एक आजोबा, पंचवटी

उत्तर : आजोबा, पेढे बरोबरच वाटलेत, पण हिशेब वेगळा आहे. पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी गुण नव्हेत. समजा एका सत्रात वीस हजार मुलं बसली. ९२ पर्सेंटाइल म्हणजे त्यातल्या अठरा हजार चारशे मुलांचे गुण नातीइतके किंवा तिच्याहून कमी, आणि सोळाशे तिच्या पुढे. प्रत्यक्षात तिला दोनशेपैकी निम्म्याच्या आसपासही गुण असू शकतात. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, कुणाचा सोपा कुणाचा अवघड. म्हणून गुणांची थेट तुलना न करता प्रत्येकाला त्याच्या सत्रातलं स्थान देतात.

आणि नातीच्या ९२ची शेजाऱ्याच्या ९२शी तुलना होत नाही. तिच्या रांगेत राज्यातली मुलं, त्याच्या रांगेत देशभरातली, आणि जागा मोजक्या. सीईटीच्या ९२वर नाशिकमध्ये बरी शाखा मिळू शकते. जेईईच्या ९२वर खुल्या गटातून चांगल्या एनआयटीत हवी ती शाखा मिळणं कठीण. म्हणून ते तोंड पाडून आहेत. त्या मुलाची सीईटी अजून व्हायची आहे हे त्यांना सांगा, आणि दोन पेढे द्या.

प्रश्न : आम्ही गंगापूर रोडला राहतो. मुलगा दहावीत आहे, नीट करायचं म्हणतो. नातेवाईक सांगतात लातूरला टाका. इकडे एका क्लासने दोन वर्षांची पूर्ण फी आत्ताच भरली तर सवलत देतो म्हटलंय, ज्युनिअर कॉलेजचं ते बघून घेतील, रोज जायची गरज नाही. काय करावं?

उत्तर : ताई, मुलगा दहावीत आहे. त्याला आधी दहावी होऊ द्या. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दहावीनंतरच द्यावा. मूल मधेच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. रँकची हमी देऊ नये, असं त्यात आहे. तुमच्या क्लासला विचारा, ‘फी परतीचं पावतीवर लिहून द्याल का?’ त्यावर समोरच्याचा चेहरा बघा. चौकशीचं अर्धं काम तिथेच होतं. उरलेलं काम म्हणजे एका तुकडीत मुलं किती, आणि डेमो लेक्चर घेणारे सर ऑगस्टमध्येही शिकवायला असतील का, हे आत्ता अकरावीत असलेल्या मुलांना गाठून विचारणं. फ्लेक्सवरच्या फोटोतल्या मुलांना नाही, साध्या मुलांना.

लातूरबद्दल वाईट बोलणार नाही. तिथली शिस्त आणि चाचण्यांची घडी खरी आहे, म्हणूनच ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर झालं. पण तिथे सोळा वर्षांचं पोर मेसच्या जेवणावर, खोलीत एकटं असतं, आणि पहिल्या चाचणीत खाली गेलं की त्या संध्याकाळी त्याच्याशी बोलायला कुणी नसतं. काही मुलं यात उभी राहतात. तुमचं राहील का हे नातेवाइकांना माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. जो मुलगा घरी स्वतःहून पुस्तक उघडत नाही तो लातूरला गेल्याने उघडेल, या आशेवर मात्र पाठवू नका.

‘कॉलेजला जायची गरज नाही’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. बारावीला भौतिकशास्त्राची लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचं. ज्याने प्रयोगशाळा पाहिलीच नाही त्याला परीक्षेच्या दिवशी व्हर्निअर कॅलिपर हातात दिला तर तो उलटा धरतो. धरलेला मी पाहिलाय. आणि गंमत अशी की जेईई मेनच्या अभ्यासक्रमात प्रायोगिक कौशल्यांचं वेगळं प्रकरण आहे, त्यात हाच व्हर्निअर, हाच स्क्रू गेज. कॉलेज बुडवून जेईई करणारी मुलं व्हर्निअरची शून्य त्रुटी फळ्यावर शिकतात. हातात धरून दहा मिनिटांत कळणारी गोष्ट! तुमच्या मुलाला नीट द्यायची असली तरी मुद्दा तोच. बेडूक नसेल, पण सूक्ष्मदर्शक तरी बघू दे त्याला. केटीएचएम असो, आरवायके असो, घरापासून हाकेच्या अंतरावर प्रयोगशाळा असलेली महाविद्यालयं तुमच्याकडे आहेत.

प्रश्न : नीटचं सेंटर नाशिकला आलं तर आम्ही सिन्नरहून किती वाजता निघावं? सोबत काय न्यावं?

उत्तर : नीट दुपारी दोनला सुरू होते आणि दीडला फाटक बंद होतं. एक मिनिट उशिरा आलेल्याला रडून, पाया पडूनही आत घेत नाहीत. सिन्नर ते नाशिक अंतर फार नाही, पण नाशिकच्या द्वारका चौकात अडकलात तर तासाची खात्री नाही. सकाळी साडेनऊ-दहाला निघा. आदल्या दिवशी कुणीतरी जाऊन केंद्र बघून या, कारण एकाच संस्थेच्या दोन इमारती दोन टोकांना असतात आणि रिक्षावाला भलतीकडे सोडतो. प्रवेशपत्र, त्यावर सांगितलेले फोटो आणि मूळ ओळखपत्र. पेन तिथेच देतात. पूर्ण बाह्या, बूट, घड्याळ, दागिने नकोत; मनगटावरचा धागा घरीच सोडवून ठेवा, फाटकावर कात्रीने कापताना मूल हिरमुसतं. मे महिना आहे, तेव्हा दुपारचं जेवण हलकं. आणि पेपर संपल्यावर फाटकाबाहेर ‘किती सुटले’ हा प्रश्न विचारू नका. उसाचा रस पाजा.

प्रश्न : नीटमध्ये ३१० गुण आले. घरात दोन तट पडलेत. वडील म्हणतात ड्रॉप घे, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा नीट दे, आई म्हणते बी.एस्सी.ला जा. मला स्वतःला काहीच सुचत नाही. — नाशिक रोड

उत्तर : बाळा, आई-बाबांच्या आधी तुझी उत्तरपत्रिका बघू. नीट घेणारी एनटीए ही संस्था गोल काळे केलेल्या पत्रिकेची प्रत आणि उत्तरतालिका देते. दोन्ही समोर ठेवून मोज. जीवशास्त्राच्या ३६०पैकी किती? तिथे २३०-२४० असतील आणि फिजिक्स जवळजवळ शून्यावर असेल, तर वर्षभराचं काम स्पष्ट आहे आणि ते होण्यासारखं आहे. जीवशास्त्रच दीडशेच्या आसपास अडकलं असेल, तर गेल्या दोन वर्षांत पुस्तक वाचलं गेलेलं नाही, आणि ते का वाचलं गेलं नाही याचं उत्तर सापडल्याशिवाय तिसरं वर्ष घेऊ नकोस. नीट कितीदाही देता येते, वयाची वरची मर्यादा नाही. ही सोय आहे खरी, पण तिच्यामुळेच ‘यंदा नाही तर पुढच्या वर्षी’ म्हणत चार-चार वर्षं घालवलेली मुलं मला भेटतात. एक वर्ष घे, किंवा घेऊ नकोस. ‘बघू’ म्हणून दुसरं घेऊ नकोस.

ड्रॉप घेतलास तर तोच क्लास, त्याच नोट्स, तीच रिव्हिजन बॅच नको. गेल्या वर्षी ज्याने झालं नाही ते पुन्हा विकत कशाला घ्यायचं? आणि एमबीबीएसच्या पलीकडे बघ. आपल्या म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग या सगळ्या पदव्या तेच देतं. दिंडोरी रोडने शंभरदा गेलेल्या मुलांना ते माहीत नसतं. सीईटीच्या पीसीबीवर बी.फार्म.ही मिळतं. आईचं बी.एस्सी.देखील वाईट नाही, फक्त ‘काहीच नाही मिळालं म्हणून’ या भावनेने जाऊ नकोस. तसं जाणारी मुलं पहिल्या सत्रातच गळतात.

प्रश्न : मी कळवण तालुक्यातली आहे. दहावीपर्यंत आश्रमशाळेत मराठी माध्यमातून शिकले, आता अकरावी सायन्सला आहे. इथे क्लास नाही, नाशिकला राहायचा खर्च झेपणार नाही. क्लासशिवाय सीईटी होते का? आणि पेपर मराठीत घ्यावा का?

उत्तर : होते. तुझ्याकडे दीड वर्ष आहे आणि तू आत्ता विचारते आहेस, हे कॉलेज रोडवरच्या कित्येक मुलांपेक्षा बरं आहे.

भाषेचं आधी. सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी मराठीत घेता येतं. गणित मात्र इंग्रजीतच येतं, ते टळत नाही. नीट आणि जेईईसुद्धा महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मराठीत देता येतात. मराठी मजकुरात शंका आली तर इंग्रजी मजकूर प्रमाण धरतात. तुझी अकरावी-बारावीची पुस्तकं इंग्रजीत आहेत, बोर्डाचा पेपरही तू इंग्रजीत देणार. दोन वर्षं एका भाषेत शिकून तीन तास दुसऱ्या भाषेत देण्यात माझ्या मते तोटा आहे. पण निवड फॉर्म भरताना करायची असते, म्हणजे अजून वर्ष आहे. तोवर एक जुना पेपर इंग्रजीत आणि एक मराठीत सोडव. जिथे जास्त सुटतील ते घे, माझं मत बाजूला ठेव.

पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. सीईटीसाठी तीच मुख्य. धड्याखालचे सगळे प्रश्न, सोडवलेली उदाहरणं, एकही न गाळता. त्याआधी बाजारातलं जाडजूड पुस्तक घेऊ नकोस. शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांचं ‘साथी’ हे पोर्टल आहे, त्यावर व्याख्यानं आणि चाचण्या विनामूल्य आहेत. रेंज नसेल तर कॉलेजच्या संगणक कक्षात सोमवार-गुरुवार अशी वेळ मागून घे. संकोच करू नकोस, ते संगणक तुमच्यासाठीच आहेत. नाशिक जिल्हा परिषदेने ग्रामीण भागातल्या मुलांसाठी ‘सुपर ५०’ नावाचा उपक्रम सुरू केला आहे, त्यात जेईई-सीईटीची तयारी करून घेतात. त्याची आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांची चौकशी कळवणच्या प्रकल्प कार्यालयात कर. तुझ्या वर्गात ओबीसी किंवा भटक्या-विमुक्त समाजातलं कुणी असेल तर त्यांना ‘महाज्योती’ संस्थेचं नाव सांग. ती संस्था ऑनलाइन शिकवणीबरोबर टॅबलेट देते, पण अर्ज दहावीनंतर लगेच करायचा असतो, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावंडांच्या कामाचं.

एक काम मात्र अभ्यासाच्याही आधी. अनुसूचित जमातीचं वैधता प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो. वडिलांचे, आजोबांचे शाळेचे दाखले, जुन्या नोंदी शोधाव्या लागतात, कधी शाळा बंद पडलेली असते, कधी नावात फरक असतो. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करणाऱ्यांची जागा हातची जाते. अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत तपासणी समितीकडे अर्ज कर. घरातल्या कुणाची वैधता आधी झाली असेल तर त्याची प्रत जोड, काम पुष्कळ हलकं होतं. पोचपावतीच्या दोन झेरॉक्स काढ, एक घरी ठेव आणि एक कॉलेजच्या कार्यालयात दे.